देहाचा रोजमेळ

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त इचलकरंजी येथे आयोजित आरोग्य तपासणी शिबिराच्या पूर्वसंध्येला दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

वास्तविक पाहता आरोग्याविषयी बोलण्यासाठी विश्वस्तांनी एखाद्या डॉक्टरांनाच पाचारण करावयास हवे होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि चाळीस वर्षे कापड मोजण्यात घालवलेला माणूस. मी तसे अध्यक्षांना सांगितलेही. त्यावर ते म्हणाले, "डॉक्टरांचे सगळे आदराने ऐकतात आणि घरी जातात. तुमच्या घरात जे घडले ते तुम्ही सांगा." म्हणून मी उभा आहे. जे सांगणार आहे त्याला माझ्या थोरल्या बंधूंची संमती आहे. ते समोरच बसले आहेत.

सन २०१३ च्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. हंगाम भरात होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी साडेअकराच्या सुमारास दादा गादीवर बसून पावती लिहीत होते. पेन हातातून गळाले. उचलू गेले तर हात उचलेना. बोलताना शब्द अडखळू लागले, ओठाची एक कड खाली ओघळल्यासारखी दिसू लागली. आम्ही काय केले? त्यांना मागच्या खोलीत आडवे केले. कोणी म्हणाले, पित्त उसळले असेल. कोणी म्हणाले, अहमदाबादच्या पार्टीकडे पैसे अडकले आहेत, त्याचे टेन्शन. साखरेचे पाणी पाजले, हाताला तेल चोळले. स्वतः दादाही खुणेने सांगत होते की, गिऱ्हाईक बघा, मला काही झालेले नाही. थोड्या वेळाने उतार पडेल म्हणून आम्ही दुपारभर वाट पाहिली. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "त्रास नेमका किती वाजता सुरू झाला?" तो प्रश्न त्यांनी का विचारला हे मला नंतर कळले. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून आलेल्या झटक्यात ती गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यानंतर त्याचा लाभ कमी आणि धोका अधिक. आमचे साडेचार तास मागच्या खोलीत तेल चोळण्यात संपून गेले होते. जे साखरेचे पाणी आम्ही प्रेमाने पाजले तेही चुकीचेच होते. अशा रुग्णाची गिळण्याची क्रिया मंदावलेली असते आणि पाणी श्वासनलिकेत उतरू शकते.

डॉक्टरांचा दुसरा प्रश्न होता, "रक्तदाबाची गोळी चालू होती का?" आम्ही सांगितले, यांना रक्तदाब नाही. त्यांनी विचारले, "कधी मोजला होता?" या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरातील एकाही माणसाजवळ नव्हते. ज्या घरात रोजमेळ जुळल्याखेरीज शटर खाली ओढले जात नाही, पंचवीस रुपयांचा फरक आला तर दोन माणसे तासभर वही घेऊन बसतात, त्या घरात अठ्ठावन्न वर्षांच्या कर्त्या पुरुषाचा रक्तदाब एकदाही मोजलेला नव्हता. डॉक्टरांच्या मते तो कित्येक वर्षे वाढलेलाच असावा.

उच्च रक्तदाबाची खरी अडचण हीच आहे की तो दुखत नाही. दाढ दुखली की मनुष्य रात्री दोन वाजता वैद्याचे दार ठोठावतो. रक्तदाब १६०-१७० वर असूनही मनुष्य हसतखेळत व्यवहार करतो. "माझे डोके कधी दुखत नाही, मला कसला रक्तदाब?" हे वाक्य आपल्या बाजारात मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि २०१३ पर्यंत मीही ते म्हणत असे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांमध्ये १०० पैकी सुमारे ३५ जणांना उच्च रक्तदाब आहे, आणि मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. आज या सभागृहात किती मंडळी बसली आहेत हे पाहा आणि हिशेब आपणच करा.

तेव्हा उद्याच्या शिबिरात मोजणी कशी व्हावी हेही सांगतो, कारण घाईने केलेली मोजणी खोटा आकडा देते. अर्धा तास आधी चहा वा तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पाय जमिनीवर सरळ ठेवावेत, दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, आणि मोजणी चालू असताना बोलू नये. हे शेवटचे आपल्या मंडळींना सर्वांत कठीण जाईल. १२०/८० च्या आसपासचा आकडा उत्तम. १४०/९० किंवा त्याहून अधिक आला तर घाबरून न जाता दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा. पुन्हा तसाच आला तर डॉक्टरांकडे जावे. आणि गोळी सुरू झाल्यावर "आता आकडा बरा आला" म्हणून ती परस्पर बंद करू नये. आकडा बरा आला तो गोळीमुळे आला, हे साधे गणित आहे.

आता हा दाब वाढतो कशाने? वय, आनुवंशिकता, मीठ, वजन अशी कारणे अनेक आहेत. परंतु आपल्या धंद्याशी ज्याचा थेट संबंध आहे ते कारण म्हणजे गादी. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि तो १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकच बस, एकच रस्ता, जवळपास सारखाच पगार. ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिने चढ-उतार करणारा. हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक आढळला आणि कंडक्टरांत कमी. हे वाचले तेव्हा मला आमचे दुकानच डोळ्यांसमोर आले. दादा आणि मी गादीवर. साड्यांचे गठ्ठे उतरवणारी, माळ्यावर चढणारी, शंभर साड्या उलगडून पुन्हा घड्या घालणारी मुले उभी. त्यांतील सर्वांत जुने गृहस्थ आजही दिवसातून वीस वेळा माळ्यावर जातात. आम्ही मात्र पाण्याचा तांब्यासुद्धा हाक मारून मागवत होतो आणि त्यात मोठेपणा मानत होतो.

आपल्यापैकी अनेकजण म्हणतील, आम्ही तर सडपातळ आहोत. त्यांच्यासाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे एक उदाहरण आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्येच त्यांनी स्वतःचे आणि इंग्लंडमधील आपले सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सारखेच सडपातळ. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. आपला भारतीय देह वरून बारीक दिसतो आणि आत चरबी साठवतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा पोटाला गुंडाळलेली टेप अधिक खरे बोलते. टेपचा उपयोग आपल्याला निराळा शिकवावा लागू नये.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतकी गती. पाच दिवस रोज अर्धा तास झाला. याखेरीज आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही, आणि पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम. आपल्या वयात पडणे फार महाग पडते. मंदिरापर्यंत पायी गेल्यास निम्मे काम होते. परंतु दोन गल्ल्यांवरील मंदिरात आपण स्कूटरने जातो आणि दारात गाडी लावण्यावरून भांडतोही.

टेन्शन या शब्दाविषयी मला थोडे वेगळे बोलावयाचे आहे. दादांना झटका आला तेव्हा साऱ्या नातेवाइकांनी एकमुखाने निदान केले की, पैसे अडकले, टेन्शन घेतले, म्हणून झाले. हे ऐकायला सोयीचे होते, कारण त्यात दोष अहमदाबादच्या पार्टीचा होता, आमचा नव्हता. ताणाने रक्तदाब त्या वेळेपुरता चढतो हे खरे. संकट दिसले की शरीर अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात सोडते, हृदय जोरात धावते, साखर वाढते. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी ती तयारी असते. परंतु आपण पळतही नाही आणि झुंजतही नाही. गादीवर बसून फोन करतो. तयारी झालेली, काम नाही. रोज असे घडले की झोप मोडते, चहा आणि तंबाखू वाढते, जेवणाच्या वेळा चुकतात आणि देहाची हानी मुख्यतः या मार्गाने होते. आपण यंत्रमागाच्या गावचे लोक आहोत. बीमावरच्या सुताला ताण नसेल तर कापड विणले जात नाही, आणि अति ताण दिला तर सूत तुटते, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. धंद्यात ताण राहणारच. तो दिवसातून एकदा उतरवावयाचा कसा, एवढाच प्रश्न आहे.

आणि याचे उत्तर आपल्या घरात आहे. सामायिकाची दोन घटिका म्हणजे ४८ मिनिटे. कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार मंत्र सत्तावीस श्वासोच्छ्वासांत म्हणण्याचा आपला प्रघात आहे, म्हणजे एका मंत्राला तीन श्वास. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतील संशोधकांचा एक अभ्यास आला होता. ख्रिस्ती जपमाळ किंवा बौद्ध मंत्र संथपणे म्हणताना श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येते आणि हृदयाचे व रक्तदाबाचे नियमन सुधारते, असे त्यात आढळले. णमोकार मंत्रावर तो प्रयोग झालेला नाही, तेव्हा आपण फुशारकी मारू नये. परंतु संथ श्वासाचे तत्त्व तेच आहे. मात्र मोबाइल शेजारी ठेवून आणि दुकानाची किल्ली कंबरेला लावून, सात मिनिटांत उरकलेल्या जपाला हे लागू नाही.

पूर्वजांच्या नियमांचा विषय निघाला म्हणून पाण्याविषयी सांगतो. कापडवाला असल्याने हा विषय मला फार प्रिय आहे. माझी आजी आडावरून पाणी आणल्यावर ते जाड, दुपदरी सुती कापडातून गाळत असे आणि गाळण्यावर राहिलेले जीव त्याच आडात हलकेच परत सोडत असे. हेतू जीवदयेचा. शहरात शिकायला गेल्यावर मी या गोष्टीला मनातल्या मनात हसत असे. पुढे २००३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागातील खेड्यांतला प्रयोग प्रसिद्ध केला. पटकीचे जंतू तळ्यातील अतिसूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात. जुन्या सुती साडीची अनेक पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळले तर ते प्राणी, आणि त्यांना चिकटलेले जंतू, वरच राहतात. ज्या खेड्यांतील बायकांनी असे पाणी गाळले तिथे पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले. नव्या साडीपेक्षा जुनी साडी अधिक उपयोगी, कारण धुऊन धुऊन धागे पिंजतात आणि मधली छिद्रे बारीक होतात. नवी साडी विकणाऱ्याने हे सांगावे का, हा भाग निराळा.

पण इथेच थांबलो तर मी आपली दिशाभूल केली असे होईल. कापड प्राण्यांना अडवते. पाण्यात मोकळे फिरणारे जंतू आणि त्याहून कितीतरी सूक्ष्म असे काविळीचे विषाणू कापडातून सहज पार होतात. सन २०१२ च्या उन्हाळ्यात आपल्या इचलकरंजीत काविळीची जी साथ आली ती आपण विसरलेलो नाही. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि हिपॅटायटिस-ई या विषाणूने घरोघरी माणसे झोपवली. हा विषाणू गर्भवती स्त्रियांना विशेष घातक असतो. त्या दिवसांत ज्या घरांत पाणी गाळूनच नव्हे तर खळखळून उकळून घेतले जात होते, त्यांचा आपल्या आचारातील 'उकळलेले पाणी' हा दुसरा भाग शाबूत होता. आपल्याकडे गाळणे राहिले, आणि तेही पुष्कळदा नळाला बांधलेल्या, आठवडा आठवडा न धुतलेल्या, हिरव्या पडलेल्या फडक्याच्या रूपात. असे फडके पाणी शुद्ध करीत नाही, उलट बिघडवते. कापड रोज धुऊन उन्हात वाळवावे, आणि गाळलेले पाणी उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे.

हात धुण्याविषयी २०२० साली आपण सर्वजण तज्ज्ञ झालो होतो, आणि तेवढ्याच वेगाने विसरलो. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याला 'मागाच्या धुळीचा खोकला' म्हणून सोडून देऊ नये. धुळीने फुप्फुसे बिघडतात हे खरेच, परंतु क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते आणि तिची लाज बाळगण्याचे काही कारण नाही. सर्दीसाठी औषधांच्या दुकानातून परस्पर दोन अँटिबायोटिक कॅप्सूल घेणे मात्र बंद करावे. सर्दी बहुधा विषाणूंची असते, तिला त्या कॅप्सूल लागूच पडत नाहीत, आणि खरी गरज पडेल तेव्हा जंतू त्या औषधाला सरावलेले असतात.

आता थोड्या नाजूक विषयाकडे येतो. मुनिसंघ उपस्थित असताना बोलतो आहे, काही चुकल्यास उत्तम क्षमा. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात जी सहा बाह्य तपे सांगितली आहेत, त्यांत अनशन एक आहे. त्याच्या शेजारीच अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा कमी जेवणे, आणि रसपरित्याग म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या रसांपैकी काही सोडणे, हीही आहेत. उपवास आपण उत्साहाने करतो, त्याची मिरवणूकही काढतो. अवमौदर्याची मिरवणूक निघत नाही, म्हणून ते मागे पडले. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, यापेक्षा कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या ताटातील पापड, लोणचे, चटणी आणि दुकानात सूर्यास्तापूर्वी घाईघाईने संपवलेले फरसाण यांत ते केव्हाच ओलांडले जाते. सूर्यास्तापूर्वी जेवण हा नियम उत्तमच आहे. पण साडेपाचला पाव किलो शेव खाऊन तो पाळला, असे माझ्या मनाला मी बरीच वर्षे समजावत होतो.

मला स्वतःला मधुमेह आहे. काही वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात अनंत चतुर्दशीच्या उपवासाला मी नेहमीची गोळी सकाळी घेतली आणि नंतर अन्न घेतले नाही. दुपारी अभिषेक चालू असताना घाम सुटला, हात कापू लागले, आणि मी खांबाला धरून खाली बसलो. रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरली होती. गोळी घेणे चूक नव्हते, उपवास करणे चूक नव्हते. डॉक्टरांना न विचारता दोन्ही एकत्र करणे चूक होते. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्या प्रत्येकाने पर्वापूर्वी महिनाभर डॉक्टरांना विचारावे की, उपवासाच्या दिवशी कोणते औषध किती घ्यावे आणि उपवास झेपेल का. झेपणार नसेल तर महाराजांना विनंती करून दुसरे तप घ्यावे. मी त्यानंतर तसेच करतो. पहिल्या वर्षी मला संकोच वाटला. महाराजांनी एका वाक्यात तो दूर केला.

एक गोष्ट शाकाहारी म्हणून आपण जाणलीच पाहिजे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. दूध-दह्यातून थोडे मिळते, आणि तेवढे आपल्याला पुष्कळदा पुरत नाही. डॉ. याज्ञिक यांच्याच गटाने पुणे परिसरातील पुरुषांची तपासणी करून २००६ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत सुमारे दोन तृतीयांश जणांमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. पायांना मुंग्या, सतत थकवा, विसराळूपणा ही लक्षणे आपण वयाच्या खात्यावर टाकतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी कमी होते. याची तपासणी करून घ्यावी. औषध जंतूंच्या साहाय्याने आंबवून तयार होते, मांसापासून नव्हे. कॅप्सूलचे कवच मात्र बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. म्हणून गोळी मागावी. आंबवण्याच्या प्रक्रियेविषयी कोणाच्या मनात शंका असेल तर त्याने आपल्या महाराजांना विचारून ठरवावे. मी विचारूनच घेतो.

पुन्हा दादांकडे येतो. ते वाचले. दोन वर्षांच्या व्यायामाने पायात बळ आले, बोलणेही पुष्कळ सुधारले. उजवा हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही. आज ते सही डाव्या हाताने करतात आणि त्यांच्या रक्तदाबाचा आकडा त्याच हाताने एका वहीत रोज लिहितात. ती वही ते उद्या शिबिरात आणणार आहेत. पाहण्यासारखी आहे. कोणाच्या घरात चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात उचलेना, बोलणे बोबडे झाले, यांपैकी एक जरी दिसले तरी घड्याळात वेळ पाहावी, तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा किंवा गाडी काढावी. जिथे मेंदूचे स्कॅन होते अशाच रुग्णालयात थेट जावे. ते रुग्णालय आपल्या घरापासून कोणते, हे आज रात्रीच घरात ठरवून ठेवावे.

शिबिर उद्या सकाळी सात वाजता सुरू होईल. चालू असलेल्या औषधांची पाकिटे सोबत आणावीत. "एक पांढरी गोळी आणि एक गुलाबी" एवढ्यावर डॉक्टरांना काही सांगता येत नाही. रक्तातील साखर तपासण्यासाठी आधीचे किमान आठ तास अन्न घेतलेले नसावे. ज्यांचा रात्रीभोजनाचा त्याग आहे त्यांना ही सूचना नव्याने देण्याची गरज नाही. ज्यांचा नाही, त्यांनी आज एक रात्र तो करून पाहावा. आणि ज्यांना "मला काही झालेले नाही" असे वाटते, त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. मोजणीच्या टेबलाजवळ दादा बसतील. नावे तेच लिहून घेणार आहेत, डाव्या हाताने, तेव्हा थोडा वेळ लागेल.

जय जिनेंद्र.